मागे सरणारी ओळ

आमच्या घरातला पहिला नाच बसला तो सुपात. आमगावला रेल्वे फाटकाच्या अलीकडे बाबूजींचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, लोखंडी सामानाचं दुकान होतं. विळे, फावडी, पंपाचे पाइप, खिळे. दुकानाच्या मागे दोन खोल्या, एक ओसरी आणि परसात माझ्या आईचं राज्य. दुपारी ती डाळ निवडायला बसली की मी तिच्या हाताखालून मूठभर दाणे उचलायचे आणि दुसऱ्या सुपात मांडायचे. लाखोरी डाळीचे दाणे म्हणजे मुली, पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांतले हिरवे दाणे म्हणजे मुलं, आणि सुपाची मोकळी बाजू म्हणजे प्रेक्षक. आठांची एक रांग, तिच्या दोन रांगा, दोहोंचं एक वर्तुळ, वर्तुळ फुटून तिरपी रेघ. मालगाडी गेली की ओसरी हलायची, दाणे सरकायचे, आणि कधी कधी त्या सरकण्यातून मी मांडलेल्यापेक्षा चांगलं काहीतरी निघायचं. आई म्हणायची, "काऊन वो, दाने मांडून कोनाचं लगन लावून राहिली? वरन कवा शिजन?" मग मुली वरणात जायच्या, मुलं भाजीत जायची आणि माझा नाच आम्ही सगळे रात्री भाताबरोबर खाऊन टाकायचो.

नाच बसवणं हा धंदा असतो, हे मला मास्टरजींनी दाखवलं. गोंदियाला फुलचूरच्या रस्त्यावर एका बंद पडलेल्या राइस मिलच्या गोदामात त्यांचा डान्स क्लास होता. जिन्यावर अजून कोंड्याचा वास यायचा, आणि जोरात पाय आपटला की वरच्या पत्र्यावरून भुसा डोक्यावर पडायचा. मास्टरजी अंगाने किडकिडीत, तोंडात सदा सुपारी, बोलणं सगळं हिंदीत. शाळांची गॅदरिंग, लग्नातलं संगीत, गणपतीतले कार्यक्रम, सगळ्यांचे नाच ते बसवून द्यायचे. मी कॉलेजला म्हणून रोज सकाळच्या पॅसेंजरने गोंदियाला जायचे आणि कॉलेज सुटलं की गोदामात. पहिलं वर्ष मी नुसती नाचले. दुसऱ्या वर्षी मास्टरजी म्हणाले, "तेरे पैर ठीक-ठाक हैं बेटा, आँख अच्छी है। तू नाच मत, नचा।" वाईट वाटलं होतं तेव्हा. आज माझे दोन्ही गुडघे कुरकुरत असताना कळतं, की त्या माणसाने मला एका वाक्यात पुढच्या पंचवीस वर्षांची भाकरी दिली. त्यांनी मला खडूने जमिनीवर घर आखायला शिकवलं, कॅसेट मागे-पुढे करून मात्रा मोजायला शिकवलं, बारा मुलींतल्या कोणत्या दोघींना शेजारी उभं करायचं नाही हे शिकवलं. पण माझ्या घरी यातलं कोणालाच काही माहीत नव्हतं. घरी मी बी.ए. करत होते.

बाबूजींना कळलं तेव्हा ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, मलाही भांडता आलं असतं. दुकानातल्या खिळ्यांच्या डब्यांवर झाकणं लावता लावता म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं, असं मी म्हनत नाई. येत असंन तुले. पन हे काम कोनाच्या नावानं होते? डॉक्टरच्या दारावर पाटी असते. मास्तरचं नाव शाळेत असते. नाच बसवनाराचं नाव कोठी रायते, मले दाखव." खरंच कुठेच नव्हतं. गॅदरिंगमध्ये शाळेचं नाव, लग्नात नवरीच्या मामाचं नाव, जास्तीत जास्त मास्टरजींच्या क्लासचं. नागपूरला नृत्य बसवण्याचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम होता, मुलींचं वसतिगृह होतं, मास्टरजींनी फॉर्मही आणून ठेवला होता. बाबूजींनी तो वाचला, घडी घातली आणि गल्ल्यात ठेवला. "एका सरकारी कागदावर तुह्यं नाव दाखव, 'नाच बसवनार कुंदा पटले' म्हनून. मंग मी सोता नागपूरले सोडून येतो. नाई दिसलं त उन्हाऱ्यात पाहुने येऊन राहिले पाह्याले." पाहुणे म्हणजे कोण, ते मला विचारावं लागलं नाही.

आणि नेमकी त्याच वर्षी संधी आली. आमचा जिल्हा भंडाऱ्यातून नुकताच वेगळा निघाला होता. नवीन घर मांडलं की माणूस जसं ताट-वाटी जमवतो, तसं सगळ्यांना जिल्ह्याचं आपलं काहीतरी हवं होतं. हिवाळ्यात लोकनृत्याची स्पर्धा ठेवली गेली. पहिला आलेला नाच जिल्ह्याच्या नावाने पुढे जाणार होता, आणि प्रवेशाच्या छापील कागदावर एक रकाना होता: नृत्य दिग्दर्शक. मी तो रकाना मास्टरजींच्या टेबलावर पाहिला आणि त्याच्यावरून माझी नजर हलेना. मास्टरजी म्हणाले, "तेरे पास कुछ है?" मी म्हटलं, आहे.

माझ्याकडे रोवणी होती. आमची तीन एकर धानाची शेती गावाबाहेर होती, आणि दर पावसाळ्यात सालेकशाकडच्या बायकांची एक टोळी धान रोवायला यायची. त्या आमच्याच कोठ्यात, म्हणजे गुरांच्या गोठ्यातल्या मोकळ्या भागात, राहायच्या, आई त्यांच्यासाठी मोठ्या गंजात अंबाडीची भाजी आणि भात रांधायची, सकाळी मुर्रा, म्हणजे चुरमुरे, आणि काळा चहा. टोळीची म्होरकी सगुनाबाई, माझी सगुना मावशी. रक्ताचं नातं काही नाही, पण लहानपणी तिने मला चिखलात उभं करून हातात पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या कोवळ्या रोपांची जुडी दिली होती, तेव्हापासून ती मावशी. बारा बायका बांधीत, म्हणजे पाणी भरलेल्या धानाच्या खाचरात, एका ओळीत उभ्या राहायच्या, लुगडी गुडघ्यावर खोचून, कमरेत वाकून. डाव्या हातात जुडी, उजव्या हाताने रोप चिखलात. गाण्याची एक ओळ संपली की सगळ्या एकदम एक पाऊल मागे. समोर हिरवं वाढत जायचं आणि बायका मागे मागे सरत जायच्या, पार बांधीच्या धुऱ्याला, मागच्या बांधाला, टेकेपर्यंत. मी एकदा घाई करून तीन पावलं पुढे निघाले होते, तेव्हा सगुना मावशीने चिखलाच्या हाताने माझा कान धरला होता. "पाय मागं, नजर समोर. आपन लावलेल्यावर नजर ठेवाची, पाय नाई ठेवाचा. अना ज्याले जलदी हाये त्यानं घरी जावं. ओर एकटीची नसते." ओर म्हणजे रोवणीची ओळ.

जगातल्या कुठल्या नृत्यशाळेने मला याहून जास्त शिकवलं असेल तर शपथ. मी त्या पावसाळ्यात मास्टरजींचा टेपरेकॉर्डर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून बांधीवर नेला आणि बायकांचं गाणं भरून घेतलं. गाण्यात चिखलातून पाय निघताना होणारा आवाज आला, मधेच हावड्याकडे जाणारी मालगाडी आली, सगुना मावशीचा खोकला आला. मी काहीच काढलं नाही. दिवाळीनंतर गोदामात बारा मुली घेऊन नाच बसवला. मुली स्टेजच्या अगदी पुढच्या कडेला, प्रेक्षकांच्या नाकासमोर, वाकलेल्या. प्रत्येकीच्या जुडीत हिरव्या कापडाच्या चिंध्या. प्रत्येक ओळीला चिंधी जमिनीवर आणि पाऊल मागे. सहा मिनिटं एकही मुलगी मान वर करत नाही. हळूहळू सगळं स्टेज हिरवं होतं आणि मुली मागच्या पडद्याला टेकतात. मग गाणं थांबतं, आणि बाराच्या बारा जणी कमरेवर हात ठेवून, एकीनंतर एक, सावकाश ताठ होतात. पहिल्यांदा चेहरे दिसतात. संपलं. मास्टरजींनी पहिल्यांदा पूर्ण पाहिला तेव्हा त्यांची सुपारी चघळायची थांबली. नंतर ते खडूचा तुकडा नुसता हातात फिरवत राहिले.

यापुढचं लिहिताना मला अजून राग येतो.

स्पर्धेच्या चार दिवस आधी तालीम पाहायला एक परीक्षक आले. बाहेरच्या मोठ्या शहरातले, लोककलेवर भाषणं देणारे, खांद्यावर शाल, बरोबर दोन-तीन माणसं. खुर्च्या पुसून दिल्या, चहा आला, मुलींनी नाच केला. तिसऱ्या मिनिटालाच ते घड्याळ बघू लागले. संपल्यावर म्हणाले, "कल्पना छान आहे हं. पण अहो, नाच प्रेक्षकांपासून लांब जातोय. लांब जाणारा नाच कसा चालेल? शेवट पुढे हवा. आणि सहा मिनिटं नुसते भांग दिसतात मुलींचे. लोकनृत्यात कशी प्रसन्नता हवी! हसा, मान वर करा, पुढे या." मी म्हटलं, "सर, रोवणीत पुढे गेलं तर पऱ्हे पायाखाली येतात." ते बरोबरच्या माणसांकडे वळून हसले आणि म्हणाले, "स्टेजवर कुठे आलाय चिखल?" सगळे हसले. चहा आणणारासुद्धा हसला.

प्रसन्नता! श्रावणात दिवसभर कमरेत वाकलेल्या, पायाच्या बोटांत चिखल्या झालेल्या, रात्री कोठ्यात बसून त्यावर हळद-तेल लावणाऱ्या बाईच्या तोंडावर ह्यांना प्रसन्नता हवी होती. त्या बायका हसत नव्हत्या असं नाही, खूप हसायच्या, एकमेकींच्या नवऱ्यांवरून तर इतकं हसायच्या की आई मला तिथून हाकलायची. पण ते हसू त्यांचं होतं, पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांसाठी नव्हतं. ज्याने आयुष्यात एक रोप लावलं नाही, तो माणूस शाल सावरून मला रोवणी शिकवत होता, आणि मी "हो सर, हो सर" करत उभी होते. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं करणाऱ्याला आपल्याकडे कलातज्ज्ञ म्हणतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. नंतर इतक्यांदा कळलं की आता मोजत नाही.

मग तो कागद निघाला. परीक्षकांबरोबरच्या एका माणसाने पेन काढलं, रकान्यावर ठेवलं आणि विचारलं, "दिग्दर्शक कोण लिहायचं?" मास्टरजी क्षणभरही थांबले नाहीत. म्हणाले, "लड़की का लिखो। उसी का है।" मला आजही सांगायचं आहे की त्या माणसाने माझं काही चोरलं नाही. लोकांना अशा गोष्टीत चोर लागतो, गुरूने शिष्याचं श्रेय लाटलं की त्यांना बरं वाटतं. इथे तसं काही झालं नाही. परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. "मग? दिग्दर्शिका बाई, बदल करणार ना? नाहीतर मी हा पुढे पाठवू शकत नाही." पेन रकान्यावर थांबलेलं. मला त्या पेनाच्या टोकापलीकडे बाबूजींचा गल्ला दिसत होता, त्यातला घडी केलेला फॉर्म दिसत होता आणि उन्हाळ्यातले पाहुणे दिसत होते. मी म्हटलं, "करते. कुंदा पटले. पटेल नाही, पटले, ट टपालातला."

चार दिवसांत मी तो नाच उलटा केला. मुली आता मागच्या पडद्यापासून निघायच्या, मान वर करून, दात दाखवत. चिंधी टाकायची आणि तिच्यावरूनच पुढे यायचं. शेवटी सगळ्या पुढच्या कडेला, हात वर, हसू. मालगाडी आणि खोकला काढून टाकला, वर ढोलकी चढवली. बारा मुलींतल्या चार धानाच्या घरच्या होत्या. त्या पहिल्या दिवशी सारख्या अडखळायच्या. चिंधी पडली की पाय आपोआप मागे. मी छडीने जमिनीवर ठोकून त्यांची ती सवय मोडली. मास्टरजी कोपऱ्यात बसून होते. एवढंच म्हणाले, "ताली तो मिलेगी।"

स्पर्धा दुपारी होती, गोंदियाच्या एका मैदानावर मंडप घालून. आणि मी काय करावं? मी अभिमानाने आईला सांगून ठेवलं होतं, सगुना मावशीला घेऊन ये म्हणून. हे आमंत्रण नाच उलटा व्हायच्या आधीचं. नंतर "नको येऊ" म्हणायला माझी जीभ रेटेना. आई, सगुना मावशी आणि टोळीतल्या आणखी चौघी पॅसेंजरने आल्या, ठेवणीतली लुगडी नेसून, आईने करून दिलेल्या सुवाऱ्या, म्हणजे पुऱ्या, फडक्यात बांधून. पुढे खुर्च्या पाहुण्यांच्या, त्यामागच्या सतरंजीवर या सगळ्या बसल्या. निवेदकाकडे मी आठवडाभर आधीच एक चिठ्ठी देऊन ठेवली होती, तीही परत घेतली नव्हती. त्याने ती खणखणीत आवाजात वाचली: "हे नृत्य सालेकसा भागातील सगुनाबाई यांच्याकडून शिकून बसवले आहे. नृत्य दिग्दर्शन, कुमारी कुंदा पटले." विंगेतून मला सगुना मावशी दिसली. शेजारणीने तिला कोपराने ढोसलं, आणि तिने लाजून पदर तोंडावर घेतला. साठीच्या घरातली बाई, स्वतःचं नाव भोंग्यावर पहिल्यांदाच ऐकत होती.

ढोलकी सुरू झाली. मुली हसत पुढे निघाल्या. दोन ओळी झाल्या असतील, आणि तिचा पदर खाली आला. तिसऱ्या ओळीला ती उभी राहिली. "अवो पोट्ट्यो, मागं सरा! मागं सरा! पऱ्ह्यावर पाय देऊन राहिल्या नं!" तिचा आवाज बांधीच्या या टोकाहून त्या टोकाला जायचा, मंडपाचं काय घेऊन बसलात. मंडपातल्या लोकांना वाटलं, म्हातारी खूश होऊन उठली. टाळ्या पडल्या. एकाने शिट्टी मारली. पुढच्या खुर्चीतल्या परीक्षकांनी मागे वळून कौतुकाने मान डोलावली. पण स्टेजवरच्या त्या चार मुलींना नीट कळलं. त्यांचे पाय थांबले. त्यातली एक, टोकाची, चक्क एक पाऊल मागे गेली, तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं आणि ती खाली बघायला लागली. तेवढ्या एका क्षणात माझा खरा नाच स्टेजवर होता. आणि मी विंगेतून, दात आवळून, तिला म्हटलं, "पुढं चल! पुढं चल म्हणते ना!"

ती पुढे आली. सगळ्या पुढे आल्या. पहिला नंबर आला.

परतीच्या पॅसेंजरमध्ये माझ्या मांडीवर प्रशस्तिपत्र होतं. शाई चांगली गडद होती, 'नृत्य दिग्दर्शक: कु. कुंदा पटले', शिक्का, सही. आईने ते हातात घेतलं नाही. सुवाऱ्यांचं फडकं तसंच बांधलेलं होतं. मी सांगायला लागले, की मावशी, स्टेजवर तसंच करावं लागतं, परीक्षक ऐकत नव्हते, समोर बसलेल्या लोकांना दिसायला पाहिजे. सगुना मावशी खिडकीबाहेर पाहत होती. गुदमा स्टेशन गेलं तेव्हा बोलली. "तुह्यं नाव तुले पायजे होतं, ते भेटलं. माह्यं काऊन घातलं वो त्याच्यात? मी कवा मांगतलं होतं? आता गावात मले इचारतीन, सगुना, तू पऱ्हे तुडवत रोवतेस काय? चाळीस वर्सं रोवून राहिली मी. कोन्या पाटलानं आजपावतर माह्या ओरीत बोट नाई दाखवलं." मी म्हटलं, "मावशी, तिथं कोणाच्या लक्षातही आलं नाही." ती माझ्याकडे वळली. "तेच त सांगून राहिली. कोनाच्या ध्यानात नाई आलं. तुह्या आलं होतं."

आमगाव आल्यावर मी आणि आई उतरलो, त्या पुढे गेल्या. पुढच्या पावसाळ्यात टोळी आमच्याकडे आली नाही. आईने दोनदा निरोप पाठवला, दोन्हीदा उत्तर आलं की दुसरीकडचं काम घेतलं आहे. त्या वर्षी आईने मिळतील त्या बायका घेऊन रोवणी उरकली. मी तेव्हा नागपूरला होते. बाबूजींनी शब्द पाळला होता. प्रशस्तिपत्र काचेत घालून दुकानात लावलं, आणि खिळे घ्यायला येणाऱ्याला ते दाखवायचे. मी पुढे सालेकशाला दोनदा जाऊन आले. मावशीने चहा दिला, मुर्रा दिला, नातवंडांची नावं सांगितली. नाचाचा विषय मी काढला की ती उठून कोंबड्यांना दाणे टाकायला जायची. माफी मागायलाही समोरच्याने बसावं लागतं.

लोक मला म्हणतात, कुंदाताई, इतक्या जुन्या गोष्टीचा एवढा राग कशाला? अहो, जुनी झाली असती तर सोडली असती. तो उलटा नाच पहिला आला, आणि पहिला आलेला नाच म्हणजे बघायला नको. दुसऱ्या वर्षी सहा शाळांनी तो उचलला. मग व्हिडिओ निघाले, मग मोबाइल आले. फुलचूरला आता माझा स्वतःचा क्लास आहे. तिथे मी रोवणी मागे सरणारीच शिकवते, सगुना मावशीने शिकवली तशी, खोकल्यासकट. शाळांच्या बाई येतात, बघतात, गोड हसतात आणि म्हणतात, "मॅडम, ये वाला नहीं, वो दूसरा सिखाइए ना, सामने आनेवाला।" बावीस वर्षं मी प्रत्येकीला समजावून सांगितलं आहे. निम्म्या जणी धानाच्याच घरच्या, लहानपणी बांधीत खेळलेल्या. मान डोलावतात आणि दुसऱ्या क्लासला जातात.

मागच्या हिवाळ्यात आमगाव तालुक्यातल्या शाळांच्या एका स्पर्धेला मला परीक्षक म्हणून बोलावलं. आता खुर्ची माझी, शाल माझ्या खांद्यावर. चौथ्या क्रमांकाला निवेदिकेने सांगितलं, "झाडीपट्टीचं पारंपरिक रोवणी नृत्य," आणि पडदा उघडला. बारा मुली मागच्या पडद्यापासून निघाल्या. दात दाखवत, मान वर करून, चिंध्या टाकत, चिंध्यांवरून पुढे. माझ्या हाताची ती वळणं मला कुठेही ओळखू येतील. शेवटचे वर गेलेले हातसुद्धा मीच त्या चार दिवसांत, घाईघाईत, दुसरं काही सुचेना म्हणून घातलेले होते. बाराही जणींनी ते अगदी भक्तीने केले. शेजारचे परीक्षक म्हणाले, "वा, आपली माती!"

मला बसवेना. नाच संपल्यावर मी गुडघे सांभाळत स्टेजच्या मागे गेले. मुली वेणीतले गजरे काढत होत्या. मी त्यांच्या बाईंना काही बोलले नाही, मुलींनाच विचारलं, "तुमच्यात कोणाच्या घरी धान आहे?" आठ हात वर झाले. "रोवणीला गेल्या आहात कधी?" सहा. टोकाला उभ्या असलेल्या, सातवी-आठवीतल्या मुलीला मी जवळ घेतलं आणि म्हटलं, "अगं, मग तुला माहीत नाही का? रोवताना कोणी पुढे जातं का? पऱ्हे पायाखाली येतात ना." माझा आवाज चढला असणार, कारण बाकीच्या वळून बघायला लागल्या.

ती मुलगी घाबरली नाही. गजरा हातात गुंडाळत, मला समजावून सांगावं तशी म्हणाली, "मालूम हाये नं मॅडम. वावरात मांगंच सरतेत, माही माय रोज नेते. पन स्टेजवर असंच करा लागते."